मक्याच्या कणगीतून आलेली कावीळ : बांसवाडा-पंचमहाल, १९७४

१९७४ सालचा ऑक्टोबर. राजस्थानातला बांसवाडा जिल्हा आणि त्याला लागून गुजरातचा पंचमहाल. आजचा दाहोद जिल्हा तेव्हा पंचमहालातच होता. भिल्लांची वस्ती, चढउताराची कोरडवाहू जमीन, खरिपाचे मुख्य पीक मका आणि ताटातले मुख्य अन्नही मकाच. सकाळी मक्याचा रोटला, संध्याकाळी मक्याचा रोटला, नाहीतर मक्याची राब, म्हणजे पातळ पेज. नवे पीक नुकतेच घरात आले होते. अशा वेळी या गावांमधली कुत्री आजारी पडू लागली. डोळे पिवळे, पोटात पाणी, आणि मग मरण.

कुत्र्यांच्या मागोमाग माणसे. सुरुवात साध्या तापाने, उलट्यांनी, अन्नावरची वासना उडण्याने. मग कावीळ. इथपर्यंत कोणत्याही गावाने पाहिलेलाच आजार. पण पुढे थोड्याच दिवसांत पोटात पाणी भरून पोट ताणायचे, पायांवर सूज चढायची, आणि जे दगावले त्यांच्यातल्या अनेकांना शेवटी अन्नमार्गात मोठा रक्तस्राव झालेला असायचा. दीडशेहून अधिक गावांमधून असे रुग्ण आढळले. अभ्यासकांच्या नोंदीत ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यू आहेत. चार आजाऱ्यांमागे एकाहून अधिक माणूस गेला. साथ दोनेक महिने चालली आणि ओसरली.

भारतात बुरशीच्या विषाने झालेल्या मृत्यूंचे इतके नीट नोंदवलेले दुसरे प्रकरण नाही. जगातही अशी मोजकीच आहेत. तरी आपल्याकडे भेसळीवर, कीटकनाशकांवर, रंग लावलेल्या भाज्यांवर जितके बोलले जाते त्याच्या शतांशानेही या प्रकरणाबद्दल बोलले जात नाही. म्हणून ते पहिल्यापासून मांडतो आहे.

पाणी की अन्न

गावात एकदम कावीळ पसरली की डॉक्टरचा हात आधी पाण्याकडे जातो, आणि ते बरोबरच आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ही आठवण १९७४ मध्ये वैद्यकीय वर्तुळात ताजीच होती. आपल्याकडे इचलकरंजीने २०१२ मध्ये तेच अनुभवले. म्हणजे ‘विहिरीत क्लोरीन टाका, पाणी उकळून प्या’ हा पहिला सल्ला अगदी स्वाभाविक.

पण इथे काही गोष्टी त्या चौकटीत बसत नव्हत्या. विषाणूजन्य काविळीत इतक्या रुग्णांच्या पोटात इतक्या झपाट्याने पाणी होत नाही, आणि चारातला एक दगावतही नाही. आजार मका खाणाऱ्या आदिवासींपुरताच राहिला होता. पाण्यातून आलेला आजार विहिरीवर येणारा माणूस काय खातो हे पाहत नाही. शिवाय माणसाची पाण्यातून येणारी कावीळ कुत्र्याला होत नाही. माणूस आणि त्याच्या दारातले कुत्रे यांना एकच आजार झाला असेल, तर दोघांच्या पोटात गेलेली एकच वस्तू शोधायला हवी. ती वस्तू रोटला होती.

संशय घ्यायला आणखीही एक जागा होती. साधारण त्याच काळात, तिकडे पूर्वेला, आजच्या छत्तीसगडातल्या सरगुजा भागात, यकृताच्या बारीक शिरा बंद होऊन पोटात पाणी भरण्याची वेगळीच साथ आली होती. तिथे कारण निघाले गोंदली या बारीक धान्यात मिसळलेल्या खुळखुळ्याच्या जातीतल्या रानटी झुडपाच्या बिया. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात: गरीब आदिवासी, फुगलेले पोट, मृत्यू. पण बांसवाड्यातल्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा चित्र निराळे दिसले. पित्तनलिकांची बेसुमार वाढ झालेली होती आणि त्यांच्याभोवती तंतू जमले होते. असे यकृत प्रयोगशाळेतल्या लोकांनी आधी पाहिलेले होते, फक्त माणसात नव्हे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. त्या पेंडीतल्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष पहिल्यांदा वेगळे काढण्यात आले, आणि ते पोटात गेलेल्या पक्ष्यांच्या यकृतात पित्तनलिका अशाच वाढत.

काचपट्टीवरची निळी खूण

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे पथक गावांत गेले आणि घरोघरच्या मक्याचे नमुने घेऊन आले. कृष्णमाचारी, भट, नागराजन आणि टिळक या चौघांचा निबंध १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनीही या साथीचा स्वतंत्र अभ्यास केला.

त्या काळी तपासणीची रीत अशी होती: मका दळायचा, क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात घोळून अर्क काढायचा, आणि सिलिकाचा पातळ थर दिलेल्या काचपट्टीच्या तळाशी त्या अर्काचा थेंब ठेवायचा. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर सोडत जातो. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावायचा. अफ्लाटॉक्सिनचा ‘बी’ हा प्रकार असेल तर त्याच्या जागी निळा ठिपका चमकतो. त्याच्या शेजारी शुद्ध विषाचा मोजका थेंब ठेवलेला असतो. दोन्हींची चमक ताडून प्रमाण ठरवायचे. बांसवाडा-पंचमहालच्या मक्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी माजलेली होती, आणि अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण काही नमुन्यांत किलोला १५.६ मिलिग्रॅमपर्यंत गेले होते.

हा आकडा किती मोठा आहे हे आजच्या मर्यादेशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. भारतात तृणधान्यासाठी आजची कायदेशीर मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे तो मका मर्यादेच्या हजारपट विषारी होता.

संशोधकांच्या अंदाजाने ही माणसे महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन खात होती. हिशेब कोणालाही करता येईल. अंगमेहनत करणारा आणि मक्यावरच जगणारा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम मका सहज खातो. १५.६ मिलिग्रॅमवाल्या मक्याचे ४०० ग्रॅम म्हणजे सहा मिलिग्रॅमच्या वर. पन्नास किलोच्या माणसाला हे दर किलो वजनामागे ०.१२ मिलिग्रॅम पडते. आता पंधरा किलोचे कुत्रे घ्या आणि त्याच्या वाट्याला त्याच पिठाचे शंभर ग्रॅम आले असे धरा. दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम, जवळजवळ तेवढेच. तरी कुत्री आधी मेली, कारण कुत्र्याचे यकृत या विषापुढे माणसाच्या यकृतापेक्षा लवकर हरते. शिवाय घरात कणसे सोलताना जे सगळ्यात खराब निघते ते आधी जनावरापुढे पडते. हा दुसरा भाग माझा तर्क आहे, पण गावाकडचे घर पाहिलेल्या कोणालाही तो पटेल.

विष यकृतात जाऊन करते काय? अफ्लाटॉक्सिन बी-१ स्वतः फारसे काही करत नाही. यकृत त्याला बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्याचे रूप बदलते, आणि त्या खटपटीत तयार होणारे रूप अतिशय चिकट असते. ते पेशीतल्या प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन घट्ट बसते. मात्रा थोडी आणि वर्षानुवर्षे असेल तर डीएनएतले बिघाड साठत जातात आणि पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी सोबतीला असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो. मात्रा मिलिग्रॅममध्ये असेल तर कर्करोगापर्यंत जाण्याइतका वेळच उरत नाही. पेशी मरतात. यकृत बनवते ती प्रथिने कमी पडतात, रक्त गोठवणारे घटकही त्यात आले, म्हणून रक्तस्राव. यकृतातून जाणारा रक्ताचा रस्ता तुंबतो, मागे दाब चढतो आणि पोटात पाणी उतरते. यावर उतारा नाही. १९७४ मध्येही नव्हता, आजही नाही. तो मका खाणे थांबवणे आणि शरीराला सावरायला वेळ देणे, एवढेच हातात असते.

कणीस

ॲस्परजिलस फ्लेव्हस ही काही परकी बुरशी नाही. ती मातीत, पालापाचोळ्यात, प्रत्येक खळ्यावर असते. मग त्याच वर्षी तिने असे का केले?

कारण शेतातच तयारी झाली होती. त्या पट्ट्यात सतत दुष्काळी परिस्थिती होती. महाराष्ट्राने ७२ चा दुष्काळ नुकताच भोगलेला होता, आणि गुजरात-राजस्थानला ७४ सालीही पावसाने दगा दिला. पाण्यावाचून तडफडणारे मक्याचे झाड स्वतःचे रक्षण नीट करू शकत नाही. दाणे भरताना ऊन तापलेले असेल तर इतर बुरश्या मागे पडतात आणि फ्लेव्हस पुढे येते, कारण तिला तीस-पस्तीस अंशांची ऊब मानवते. दाण्याच्या सालीला चिरा जातात, अळी कणीस पोखरते, आणि तिच्या वाटेने बुरशी आत शिरते. अशा कणसाची पाने सोलून पाहिली तर टोकाकडचे दाणे पिवळट-हिरव्या भुकटीने माखलेले दिसतात, आणि तीच भुकटी अळीच्या वाटेने दाण्यांच्या दोन ओळींमधून खाली उतरलेली असते. पांढरी किंवा गुलाबी बुरशी असेल तर ती बहुधा दुसरी असते, तिची विषेही दुसरी. हिरवी-पिवळी दिसली की ते कणीस बाजूला काढायलाच हवे.

आणि मग, काढणीच्या तोंडावर, पाऊस आला. आधी दुष्काळ आणि शेवटी अवकाळी पाऊस, हा या बुरशीसाठी सर्वांत सोयीचा क्रम. कणसाच्या पानांत पाणी साचून राहिले. वाळवायला ऊन नाही, पसरायला फरशी नाही, ताडपत्री नाही. ओला मका कणगीत गेला. धान्यात चौदा टक्क्यांहून जास्त ओल असेल तर ते साठवणीत सुरक्षित राहत नाही; ओलसर ढीग आतून तापतो, तापला की बुरशी वाढते, वाढणारी बुरशी स्वतःच आणखी ओल सोडते. वरून हात लावला तर ढीग कोरडा वाटतो. आत कोपर बुडेपर्यंत हात घातला की ऊब लागते आणि कुबट वास येतो.

यात एक गोष्ट लोकांना हमखास फसवते. ऊन पडल्यावर तो मका पसरला, चोळला, धुतला, तर भुकटी निघून जाते आणि दाणा बराच स्वच्छ दिसतो. बुरशी गेली, पण तिने सोडलेले विष दाण्यातच राहिले. भाजूनही ते जात नाही. अफ्लाटॉक्सिन बी-१ वितळते तेच २६० अंशांच्या पुढे, आणि रोटल्याच्या आतला भाग ओलसर असेपर्यंत शंभर अंशांच्या वर जात नाही.

निवडायला धान्य कुठे होते?

लॅन्सेटमधल्या निबंधात साथीची कारणे सांगितली आहेत: काढणीआधीचा अवकाळी पाऊस, सततचा दुष्काळ, साठवणीची वाईट सोय, आणि बुरशी लागलेले अन्न खाण्यातल्या धोक्याबद्दलचे अज्ञान. पहिल्या तिन्हींशी माझे काही भांडण नाही. चौथ्याशी आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत याच कारणावर सगळे उपाय उभे राहिले: भित्तिपत्रके, शिबिरे, ‘बुरशी लागलेले धान्य खाऊ नका’ अशा घोषणा.

पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणाऱ्या बाईला खराब कणीस ओळखू येत नाही, हे मला पटत नाही. तिला त्यातल्या विषाचे नाव माहीत नसेल. हे विष यकृत खाते हेही माहीत नसेल. पण कडवट, कुबट, हिरवा पडलेला दाणा नको हे तिला कळते. सूप हातात घेऊन ती तो पाखडतेही. प्रश्न असा की पाखडून टाकल्यावर खायचे काय? आधीचे पीक दुष्काळात गेले. घरात शिल्लक नाही. विकत घ्यायला रोख पैसा नाही. नवे पीक आले ते भिजलेले. निवड करायला दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. या घरांत एकच होती.

आणि समजा तिने कसोशीने निवड केली असती. खराब दाणे हाताने वेचून काढले, हलके दाणे पाण्यावर तरंगवून काढले तर अफ्लाटॉक्सिन पुष्कळ कमी होते हे खरे आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, थोड्या दाण्यांत दाटलेले असते. चांगल्या निवडीने ऐंशी टक्के विष गेले असे धरू. १५.६ मिलिग्रॅमचे राहिले तीनच्या थोडे वर. म्हणजे अजूनही आजच्या मर्यादेच्या दोनशे पट. थोड्या बिघडलेल्या धान्यात निवडणे-पाखडणे फार मोलाचे आहे. ते प्रत्येक घरात झालेच पाहिजे. पण १९७४ च्या त्या मक्यापुढे सूप पुरे पडले नसते. तिथे एकच उपाय चालला असता: तो मका उचलून त्याच्या बदल्यात दुसरे धान्य देणे. कुत्री मरू लागली त्याच आठवड्यात.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ते हेच. इशारा आला होता. तो माणसांच्या आधी आला होता, आणि दिसेल असा आला होता. पण गावातले कुत्रे मेल्याची नोंद कुठल्या वहीत होते? पशुवैद्यकाकडे दुभते जनावर जाते, कुत्रे जात नाही. आणि पशुवैद्यकाने पाहिलेच तरी त्याचा निरोप आरोग्य केंद्राच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवणारी वाट नव्हती. दोन खाती, दोन दप्तरे. जनावरांचा आणि माणसांचा आजार एकत्र पाहायला हवा हे आता सगळे म्हणतात, आणि म्हणतात ते चांगलेच आहे. पण त्याची कसोटी तालुक्याच्या ठिकाणी लागते: ‘चार वाड्यांवर कुत्री पिवळी पडून मेली’ हे वाक्य ऐकून कोणी एक जण धान्याचा नमुना घ्यायला निघतो का, एवढीच ती कसोटी.

पुढचे वर्ष

१९७५ मध्ये संशोधक पुन्हा त्या भागात गेले. माणसे तीच, कणग्या त्याच, खाणे तेच. मक्यातले अफ्लाटॉक्सिन मात्र किलोला ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली होते, आणि आजार नव्हता. हा पाठपुरावा मला मूळ निबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. एका वर्षात कोणाचे अज्ञान दूर झाले नव्हते. बदलले होते ते पाऊसपाणी. ०.१ मिलिग्रॅम ही आजच्या मर्यादेहून मोठीच मात्रा आहे, पण माणूस महिन्याभरात मारणारी नाही. साथीतून वाचलेल्यांना दहा वर्षांनी पाहिले तेव्हा ते बरे होते. यकृत सावरते, त्याला विषमुक्त अन्न मिळाले तर.

केनिया, २००४

तीस वर्षांनी, पूर्व केनियातल्या माकुएनी आणि किटुई जिल्ह्यांत तेच सगळे पुन्हा घडले. दुष्काळ, काढणीच्या वेळी पाऊस, ओला मका, कावीळ. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. इथले प्रमाण बांसवाड्याहून भयंकर, दहात चार. ओला मका राहत्या घरात साठवलेल्या कुटुंबांत आजार जास्त आढळला. बाजारातून घेतलेल्या ३५० नमुन्यांपैकी ५५ टक्के नमुने तिथल्या किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर होते. म्हणजे घरचा मका टाकून बाजारात गेलेल्यालाही सुटका नव्हती. सरकारने बदली धान्य वाटले, खराब मका नष्ट केला. पुढे तिथे शेतातच विष न करणारी फ्लेव्हसची स्थानिक वाणे पसरून विषारी वाणांना जागाच न देण्याचा उपाय आला. तो चांगला चालतो; पण त्यासाठी पीक उभे असताना खर्च करावा लागतो, आणि तो खर्च करण्याच्या स्थितीत नसलेल्या शेतकऱ्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते.

आपल्याकडे

बांसवाडा-दाहोदचा भिल्ल पट्टा दक्षिणेकडे आपल्या नंदुरबारपर्यंत येतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या सातपुड्यात मका घरी खायलाही पिकतो. खाली खानदेशात, नाशिककडे येवला-मालेगावात आणि मराठवाड्यात मका वाढला तो कोंबडीखाद्यासाठी आणि स्टार्चसाठी. पीक खरिपाचे, काढणी ऑक्टोबरच्या आसपास, आणि परतीचा पाऊस आता नेमका तेव्हाच येऊन गाठतो. रस्त्याच्या कडेला पसरलेला मका, आभाळ भरून आल्यावर ताडपत्रीसाठी होणारी धावपळ हे दृश्य कोणाला नवे नाही. धोका मक्यापुरता नाही. १९९५ मध्ये दख्खनवर, कर्नाटक-आंध्रातल्या २७ गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. तिथले विष फ्युमोनिसिन, बुरशी वेगळी. आणि जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात पन्नासच्या दशकात अरगट ही बुरशी लागलेल्या बाजरीने लोक आजारी पडले होते.

बाजारात गेलेल्या मक्याला निदान दोन चाळण्या लागतात. बाजार समितीत व्यापारी आर्द्रतेचे यंत्र लावतो, ओलीमागे भाव तोडतो. मोठा खरेदीदार अफ्लाटॉक्सिनही तपासतो, कारण कोंबडीला ते बाधते आणि नुकसान त्याच्या खिशाला बसते. दुभत्या जनावराच्या खाद्यातून हेच विष रूप बदलून दुधात उतरते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या विषाच्या दुधासाठीच्या मर्यादेबाहेर निघाले. निदान ते कोणीतरी मोजले तरी. चाळणीतून मागे फिरलेला ओला, काळपट मका मात्र नाहीसा होत नाही. तो स्वस्त होतो, आणि स्वस्त धान्य कोणाच्या घरी जाते हे सांगायला नको.

घरच्या कणगीतल्या धान्याला तर एकही चाळणी नाही. १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा विक्रीच्या धान्याला आहे. बांसवाड्याच्या घराघरातला मका आजच्या कायद्याच्या राज्यातही कोणी तपासला नसता, कारण तो विकायला निघालाच नव्हता. तपासायचे ठरवले तरी ते सोपे नाही. एका किलोत तीनेक हजार दाणे असतात. त्यातला एखादाच दाणा इतका विषारी असू शकतो की त्याच्या एकट्याने पूर्ण किलो मर्यादेबाहेर जावा. कणगीच्या तोंडाशी घेतलेली मूठभर मक्याची पुडी स्वच्छ निघाली म्हणजे कणगी स्वच्छ, असे होत नाही. नमुना वरून, मधून, तळातून, बाजूंनी घ्यावा लागतो, सगळा एकत्र दळावा लागतो, आणि मग त्यातला थोडा तपासायचा. पट्टीवर काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या चाचण्या आता मिळतात. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही, पण नीट घेतलेला नमुना लागतो.

म्हणून ज्या वर्षी दाणे भरताना पावसाने ओढ दिली आणि काढणीला झोडपले, त्या वर्षी मका खाणाऱ्या तालुक्यांत कोणी आजारी पडण्याची वाट न पाहता दिवाळीच्या आत घराघरांतले नमुने उचलायला हवेत. हवामानाची ही माहिती आज रोजच्या रोज हाताशी असते. १९७४ मध्ये तशी नव्हती. ज्या वाड्यावर नमुना वाईट निघेल तिथे रेशन दुकानातून मक्याच्या बदल्यात तितकेच किलो धान्य द्यावे, आणि उचललेला मका खाद्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही बाजारात परत न येता नष्ट व्हावा. बदल्यात काही न देता नुसता मका जप्त केला तर लोक तो लपवतील, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही लपवला असता. वाळवण्यासाठी गावात एक पक्की फरशी आणि प्रत्येक घराला दोन ताडपत्र्या, हे त्याआधी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने काविळीचे तीन-चार रुग्ण एकदम पाहिले की पाण्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: पोटात पाणी किती दिवसांत झाले, घरात धान्य कोणते आणि ते कधी भिजले, आणि दारातले कुत्रे कसे आहे.